पत्र्याची पेटी: अकरा भावंडांच्या कामाच्या नोंदी

3 नोव्हेंबर 2024, भाऊबीज, सेलू

ओवाळणं झालं, जेवणं झाली आणि नानांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. अण्णा म्हणजे माझे वडील गेल्यापासून ती उघडलेली नव्हती. किल्ली कुठं गेली कुणाला ठाऊक. पुतण्यानं पान्यानं कडी उचकटली. आत पत्रांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे, फोटो, आजोबांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या, वाळून भुगा झालेला लिंबाचा पाला आणि दात तुटलेली एक फणी.

अण्णा धरून अकरा भावंडांतली आता दोनच आहेत. नाना 88 वर्षांचे आणि बेबी आत्या 79 वर्षांची. सगळ्यात धाकटी म्हणून बेबी, ती अजून बेबीच. तिच्या नातसुनासुद्धा तिला बेबी आत्याच म्हणतात.

ठरलं असं की सगळ्याची यादी करायची, स्कॅन करायचं, कोण कोण आहे ते या दोघांकडून वदवून घ्यायचं आणि पुढच्या भाऊबीजेला घरोघरी एकेक पुस्तक द्यायचं. नाना म्हणाले, "पुढची भाऊबीज कुणी बघितलीय माय. बिगीनं कर." म्हणून मुदत फेब्रुवारी अखेर.

वहीच्या पहिल्या पानावर मी "भावंडं अकरा" असं लिहिलं. आत्यानं वाकून पाहिलं. "जगली ती अकरा," म्हणाली. आजीला चौदा झाली होती. तीन ओळी कोऱ्या सोडल्या.

9 नोव्हेंबर, परभणी

मोजदाद: पत्रं 213, फोटो 46, वह्या 9. पत्रांत निम्म्याहून जास्त पोस्टकार्डं.

निधनाचं पत्र एकही नाही. सुरुवातीला वाटलं, गठ्ठा गहाळ झाला असेल. मग आठवलं, कोपरा फाडलेलं कार्ड वाचलं की तिथंच फाडून टाकायचे, घरात ठेवायचं नाही. त्यामुळे पेटीत लग्नं आहेत, बारशी आहेत, बैलांचे भाव आहेत, उसनवारी तर ढिगानं आहे, पण मेलेलं कुणीच नाही.

पत्रांवर तिथी असते, साल बहुतेकदा नसतंच. लिहिणाऱ्याला साल ठाऊक होतं, वाचणाऱ्यालाही. पोस्टाचा शिक्का निम्म्या वेळा पुसट. म्हणून खुणा ठरवल्या. निजाम सरकारचं तिकीट असेल, त्यावर उर्दू, इंग्रजी, मराठी, तेलुगू अशी दाटी असेल, तर 1950 च्या आधीचं, कारण त्या साली ते टपाल भारत सरकारच्या टपालात गेलं. निळं अंतर्देशीय असेल तर ऑक्टोबर 1950 नंतरचं. "नये पैसे" छापलेलं कार्ड एप्रिल 1957 नंतरचं. पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. "जालना, जि. औरंगाबाद" असेल तर मे 1981 च्या आधीचं, "लातूर, जि. उस्मानाबाद" असेल तर ऑगस्ट 1982 च्या आधीचं, आणि "हिंगोली, जि. परभणी" अगदी 1999 पर्यंत येऊ शकतं. लोक पत्ता मात्र सवयीनंच लिहितात. तात्याकाकांनी जिल्हा बदलल्यावरही चार वर्षं लातूरपुढं उस्मानाबादच लिहिलंय. म्हणून जिल्ह्याची खूण एकटीच्या भरवशावर वापरायची नाही.

17 नोव्हेंबर

पत्रं अक्षरावरून वेगळी केली. एका अक्षराचा एक गठ्ठा, प्रत्येकाला नंबर. 31 गठ्ठे झाले. मला ही पद्धत फार शास्त्रशुद्ध वाटतेय.

20 तारखेला मतदान, त्यामुळे उद्यापासून निवडणूक ड्युटी. काम चार दिवस बंद.

24 नोव्हेंबर, सेलू

आज फोटो. सगळ्यांना ठाऊक असलेला तो मोठा फोटो आधी काढला. आजी-आजोबा खुर्च्यांवर, मागं रंगवलेला पडदा (कारंजं, कमान आणि आमच्या मुलखात कधी न दिसलेली नारळाची झाडं), भोवती भावंडं. थोरले काका शेरवानीत, दादा टोपीत, बेबी आत्या आजीच्या खुर्चीला टेकून. नव्या नवरीचा चेहरा पदरात.

आमच्याकडच्या प्रतीचं एका चुलतभावानं प्रेमापोटी लॅमिनेशन करून आणलंय. आत हवा कोंडून पांढरे फोड आलेत, आणि प्लॅस्टिक काढायला जावं तर फोटोचा थरच सोबत निघतो. मागं काही लिहिलं असेल तर तेही गेलं. जुन्या फोटोला लॅमिनेशन करू नये, पाठीवर बॉलपेननं लिहू नये, मऊ पेन्सिलीनं हलकंच लिहावं. हे घरातल्या ग्रुपवर टाकलं. सात अंगठे आले.

फोटोतली डोकी मोजली. भावंडं दहा. आक्का नाही. सगळ्यात थोरली बहीण, माजलगाव तालुक्यात दिलेली. नानांना विचारलं. "ती बाळंतीण व्हती," म्हणाले. आजीही आम्हाला हेच सांगायची.

आक्काचा तरुणपणचा एकही फोटो 46 मध्ये नाही. आतेभावाला फोन केला, तर त्याच्याकडंही फक्त मतदार ओळखपत्र आहे. त्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलं. टिकलीएवढा करडा फोटो, डोळे मिटत असताना निघालेला. मी आत्ताच शे-दीडशे जणींची असली कार्डं हातात घेऊन चेहरे ताडून आले होते.

8 डिसेंबर, परभणी

उर्दू पत्र वाचून झालं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात, त्यांनी चहाच्या बदल्यात वाचून दिलं. थोरले काका निजामाच्या अमलात उर्दूतून शिकले, तहसिलीत कारकून झाले. हे पत्र त्यांनी दादांना लिहिलंय. दादा तेव्हा शाळेत होते, त्यांचं उर्दू पक्कं व्हावं म्हणून मुद्दाम उर्दूत.

तारखेवर गाडी अडली. साल 1352. सर म्हणाले, हिजरी, म्हणजे 1933. पण तेव्हा काका अकरा वर्षांचे, आणि पत्रात पगाराची गोष्ट! अर्धा तास दोघंही घोळात. मग सरांनीच कपाळावर हात मारला. महिना "तीर" लिहिलाय, आणि तीर हिजरीत नसतोच. हे साल फसली. निजामाच्या दफ्तरात फसली चालायचं, ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. 1352 मध्ये 591 मिळवले की 1943 चा उन्हाळा. आता काका एकवीस वर्षांचे झाले आणि पगारही हाताला लागला. पगार हाली, म्हणजे निजामाच्या रुपयांत. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजांचे रुपये, हे गणित आजोबांच्या वहीतही जागोजागी आहे.

मजकूर साधा. अभ्यास कर, शेरवानी धुवून वापर, म्हशीचं काय झालं. आणि शेवटी सरांनी वाचलं, "अक्का की इमली का क्या हुआ, लिखना." झाडाझुडपांची चौकशी, असं टिपून ठेवलं.

30 डिसेंबर, औसा तालुका

वेळ अमावस्या. माई आत्याच्या मुलानं रानात बोलावलं होतं. कडब्याची कोप, आंबिल, भज्जी, उंडे. आमच्या परभणीकडं हा सण असा नाही. दर वर्षी खाताना वाटतं की आपण उगाच तिकडं जन्मलो.

जेवणानंतर भावानं गोणपाटात गुंडाळलेली चौकट आणली. मोठ्या फोटोची दुसरी प्रत. माईचं गाव किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या आत धरणी हलली. आदल्या रात्री गणपती बोळवून माई ओट्यावरच लवंडली होती म्हणून राहिली. मागं दगडमातीच्या भिंती नि माळवद एकावर एक बसलं. चौकट पाचव्या दिवशी निघाली. काच तडकलेली, तडीतून पाणी आणि पांढरी माती आत गेलेली, आणि फोटो काचेला चिकटलेला. भाऊ म्हणाला, "सोडवू का कडेनं?" मी जवळजवळ ओरडलेच. चिकटलेला फोटो ओढला की चेहरा काचेवर राहतो नि हातात कागद येतो. तसाच काचेसकट उन्हाच्या तिरिपीपासून दूर ठेवला, फ्लॅश बंद करून, उजेड दोन्हीकडून तिरपा घेऊन फोन सरळ वर धरून टिपला. बाराव्या फोटोत झळक गेली. मातीचा एक ओघळ नेमका तात्यांच्या टोपीवरून खाली आलाय. तो संगणकावर पुसायचा नाही, असं मी ठरवलंय. पुतण्याला पटलेलं नाही.

मागचा पुठ्ठा मात्र चार खिळ्यांवर होता. तो काढला. फोटोच्या पाठीवर जालन्याच्या स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीनं "वैशाख शके 1879". म्हणजे मे 1957. दादांच्या लग्नातला.

जाताना आक्काच्या मुलाला आणखी एक फोन. 1957 मध्ये तुमच्याकडं कोण जन्मलं? तो म्हणाला, "मी चोपन्नचा, ताई एकोणसाठची. मधी कुणी न्हाई."

12 जानेवारी 2025, परभणी

अक्षरांचे गठ्ठे मोडले. दोन महिन्यांचं शास्त्र पाण्यात.

झालं असं. गठ्ठा 6 आक्काच्या सासऱ्यांचा, 11 तिच्या नवऱ्याचा, 19 गावच्या मास्तरांचा, 23 कुणा भाच्याचा. सगळी माणसं वेगळी, सगळी कार्डं बाप्यांची. तुरीला भाव नाही, पाऊस ओढून धरलाय, बैलाच्या खांद्याला गाठ आलीय. आज टंकलेखन करताना चौथ्यांदा तेच वाक्य टाइप केलं तेव्हा बोटं थांबली. शेवटी, "कळावे"च्या अगदी आधी: "सौ. विचारते की चिंचेला बार कसा आहे."

मग सगळे गठ्ठे उपसून शोधलं. 14 कार्डं. पाच वेगवेगळी अक्षरं, सही कुणाचीही, आणि शेपटाला ती एक ओळ. आक्काला लिहिता येत नव्हतं. घरात जो कुणी कार्ड लिहायला बसेल त्याच्या कार्डात तिला एवढीच जागा मिळायची. अक्षर बघून मी माणसं लावत बसले होते, त्यामुळे ही बाई पाच गठ्ठ्यांत विखुरली.

या 14 चा वेगळा गठ्ठा केला. वर "आक्का" लिहिलं.

एक गोष्ट मात्र खटकते. चिंच फुलते ती पावसाळ्याच्या तोंडाला. यातली दोन कार्डं कार्तिकातली आहेत, एक पौषातलं. तेव्हा झाडावर हिरव्या चिंचा लोंबतात. जन्म रानात गेलेली बाई पौषात बार कशाला विचारेल?

19 जानेवारी, सेलू

नानांना विचारलं, आपली चिंच कुठं होती? विहिरीकडं का नदीकडं?

"आपल्या रानात? बांधाला बाभळी व्हत्या. हिरीवर एक लिंब व्हता. चिंच नव्हती माय आपली."

बेबी आत्या खाली बसून तीळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आगं, चिंच कुठली आलीय! चिंच इचारली की समजायचं, हिला न्यायला पाठवा. सासरा कारड लिव्हणार, नवरा वाचून बघणार, त्येच्यात कसं सांगावं तिनं? माय म्हणायची, आक्काच्या चिंचेला बार आलाय, गाडी जुपा. मग नाना न्हाईतर अण्णा जायचा मुऱ्हाळी."

नाना हसले. "व्हय की. इसरलोच व्हतो."

तीळ निवडणं चालूच होतं. मी उठून बाहेर जाऊन आले.

2 फेब्रुवारी, परभणी

मी बारावीला हिशेब शिकवते. बँक जुळवणी पत्रक हा माझा हातखंडा. एका बाजूला बँकेचं पासबुक, दुसऱ्या बाजूला आपली रोकड वही, जे जुळत नाही ते शोधायचं. आज तेच केलं. डावीकडं चिंचेची कार्डं, उजवीकडं आजोबांची वही. वही मोडीत आहे. मोडी वाचणारे एक गृहस्थ गेले तीन रविवार फोनवर माझ्याशी पानं लावतायत. आजोबा एक पैसुद्धा लिहिल्यावाचून सोडत नसत. माजलगावकडं गाडी गेली की "गाडी, मुलीस आणणे" अशी ओळ, खाली पेंड, गाडीवानाचं जेवण, नदीवर दिलेले दोन आणे. गाडीला दीड-दोन दिवस लागायचे.

14 पैकी दोन कार्डं इतकी भिजलेली की तारीख लागत नाही. उरली 12. त्यातल्या सात कार्डांनंतर आठ-पंधरा दिवसांत गाडीची ओळ आहे. कार्तिकातली दोन्ही त्यात आहेत. पाच कार्डांपुढं काही नाही.

त्या पाचांतली तीन आषाढ-श्रावणातली. मधे गोदावरी. आमच्या गाड्या उतारानं जायच्या, दुथडी वाहायला लागली की इकडची माणसं इकडं, तिकडची तिकडं. एक 1948 च्या उन्हाळ्यातलं. रझाकारांचा धुमाकूळ चालू होता, त्या वर्षी वहीत सप्टेंबरपर्यंत कुठल्याच लांबच्या गाडीची ओळ नाही.

पाचवं कार्ड नव्या पैशांचं आहे. शिक्का स्वच्छ: 22 एप्रिल 1957. मास्तरांचं अक्षर. नदी कोरडी असणार, रझाकार जाऊन नऊ वर्षं झालेली. वहीत त्या दोन महिन्यांत दादांच्या लग्नाची सात पानं आहेत. मांडव, वाजंत्री, तूप, जालन्याला जाण्याचं भाडं, फोटोवाल्याचे पैसे. वऱ्हाडाच्या गाड्या चार. माजलगावची गाडी नाही.

तीनदा पाहिलं. मोडीवाल्या सरांनाही पुन्हा वाचायला लावलं. ते म्हणाले, "ताई, नाहीये."

9 फेब्रुवारी, सेलू

नानांपुढं वही ठेवली. त्यांना मोडी येतं, पण डोळे साथ देत नाहीत, म्हणून मीच वाचून दाखवलं. बाळंतपणाचा विषय मी काढला नाही.

बराच वेळ त्यांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "त्या साली गाड्या लग्नाला गुतल्या व्हत्या."

आत्या म्हणाली, "चार गाड्या व्हत्या वऱ्हाडाला, नाना." एवढंच. दोघंही पुढं बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. परवापासून बारावीची परीक्षा सुरू, माझ्याकडं केंद्राचं काम, म्हणून दुपारच्या गाडीनं परत.

पुस्तकात मोठ्या फोटोखाली काय लिहायचं हे अजून ठरलेलं नाही. पुतण्या म्हणतो, मतदार कार्डावरचा चेहरा कापून कोपऱ्यात गोलात बसवू, आता सहज होतं. मी नको म्हटलं. सध्या मजकूर असा आहे: "मे 1957. भावंडं दहा. आक्काला आणलं नव्हतं." नाना हे वाचतील. वाचू देत.

16 फेब्रुवारी, परभणी

बिनओळखीच्या गठ्ठ्यात (31 नंबर, "लहान मुलाचं अक्षर?" असं मीच लिहिलं होतं) एक कार्ड होतं. पिनकोड आहे, शिक्का ऑक्टोबर 1979 चा. पेन्सिलीनं आखलेल्या ओळी, अक्षरं ओळीवर लटकलेली, प्रत्येक शब्दानंतर बोटभर जागा. वेलांट्या सगळ्या ऱ्हस्व. एका ठिकाणी कागद इतका दाबून लिहिलाय की मागून बोटाला लागतं.

आतेभाऊ म्हणाला, 1978 च्या ऑक्टोबरात प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले, त्यांच्या गावात देवळात कंदिलावर वर्ग भरायचा. आई पहिली जाऊन बसली. तेव्हा ती चोपन्न वर्षांची असेल. पाटी तिनं शेवटपर्यंत ठेवली होती.

कार्डाचा मजकूर जसाच्या तसा:

"चि आण्णास आशिरवाद. मला नेयाला ये. हे मि लिवलं. आक्का"

तुरीचा भाव नाही, पाऊस नाही, चिंच नाही. यानंतरची तिची कार्डं आणखी सहा सापडली, सगळी याच अक्षरातली. चिंच पुन्हा एकाही कार्डात नाही.

अण्णांना मोडी येत नव्हतं. आजोबांनंतर हिशेब ते खिशातल्या डायरीत, देवनागरीत लिहायचे. 1979 ची डायरी पेटीच्या तळाशी, फणीखाली होती. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातलं पान:

"माजलगाव एस.टी. जाताना तिकीट 1. येताना 2."